कूलंट बदलल्यानंतर इंजिन पुन्हा पुन्हा तापत असेल तर: आत हवा येते कुठून?

कूलंट बदलून झाले, पहिले दोन दिवस काही जाणवले नाही आणि तिसऱ्या दिवशी चढावर तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकला. इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडून पाहावे तर टाकीतील पातळी खाली गेलेली असते. ती भरली की आठवडाभर सारे ठीक चालते आणि मग पुन्हा तेच होते. काही गाड्यांत काटा जागचा हलतही नाही, पण डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो, गाडी उभी असताना हीटरमधून थंड वारा येतो किंवा आयडलिंगला इंजिनाचे आरपीएम सतत वरखाली होत राहतात. या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते, ते म्हणजे शीतन यंत्रणेत द्रव असायला हवा तिथे हवा आहे. मात्र ‘एअर लॉक झाला आहे’ एवढे म्हटल्याने निदान पुरे होत नाही. ती हवा कूलंट भरताना आत राहून गेली, नंतर बाहेरून शिरत आहे की इंजिनाच्या आतूनच वायू येत आहे, हे ठरवावे लागते. कारण या तिन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि पहिल्याचा उपाय तिसऱ्यावर करत राहिल्यास इंजिन हातचे जाते.

तपासणीपूर्वी एक सूचना. गरम इंजिनाचे रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण कधीही उघडू नये. यंत्रणेवर साधारण १ बारचा जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीदेखील १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो, आतील द्रव तत्क्षणी वाफ होऊन उसळतो आणि हात व चेहरा गंभीरपणे भाजतो. वरचा जाड होज हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. घाई असेल तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

आधी मागचा इतिहास आठवावा

कूलंट का बदलले होते, हा पहिला प्रश्न आहे आणि तो बहुतेक जण स्वतःला विचारतच नाहीत. ठरलेल्या मुदतीनुसार बदलले असेल आणि आधी गाडी निर्धोक चालत असेल, तर दोष बदलण्याच्या कामात असण्याची शक्यता मोठी असते. पण गाडी आधीच तापत होती, पातळी कमी होत होती आणि ‘कूलंट जुने झाले असेल’ म्हणून ते बदलले असेल, तर नव्या कूलंटला दोष देण्यात अर्थ नाही. मूळ आजार तसाच राहिलेला आहे.

दुसरा प्रश्न मापाचा आहे. जुने कूलंट किती लिटर निघाले आणि नवे किती लिटर गेले, याची नोंद असल्यास अर्धे निदान तिथेच होते. पाच लिटर निघाले आणि चारच लिटर आत गेले, तर उरलेले एक लिटर म्हणजे हवा होय. काम दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर डब्यात किती उरले होते एवढे तरी विचारावे.

आत राहिलेली हवा

इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, हीटरची छोटी जाळी आणि त्यांना जोडणारे होज यांच्या मार्गात उंचवटे असतात आणि हवा नेहमी उंचवट्यावर जाऊन बसते. कित्येक गाड्यांत हीटरची जाळी किंवा तिचे होज रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच असतात. शिवाय थंड इंजिनात थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप) बंद असल्यामुळे त्याच्या मागे इंजिनात अडकलेल्या हवेला वाट मिळत नाही. म्हणूनच अनेक थर्मोस्टॅटांच्या कडेला एक लहान छिद्र आणि त्यात सैल हलणारी पिन असते. त्या छिद्रातून हवा हळूहळू वर जावी, हा तिचा उद्देश आहे. थर्मोस्टॅट बदलताना ती पिन वरच्या बाजूला न ठेवता खाली बसवली गेली असल्यास हवा निघण्यास फार वेळ लागतो. थर्मोस्टॅटच उलटा बसला असेल, म्हणजे मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूला आली असेल, तर गरम द्रव तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि इंजिन काही किलोमीटरांतच तापते.

हवेचा बुडबुडा तापमानाच्या सेन्सरपाशी येऊन थांबला की फसगत होते. हा सेन्सर द्रवाचे तापमान मोजण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्याभोवती हवा किंवा वाफ असल्यास तो खरे तापमान दाखवत नाही. त्यामुळे हेड धोकादायक तापलेले असताना काटा खाली राहू शकतो, पंखा सुरू होत नाही आणि बुडबुडा सरकून गरम द्रव सेन्सरला लागला की काटा एकदम उसळी घेतो. असा झटक्याने वरखाली होणारा काटा पाहून सेन्सर बिघडला असे समजून तो बदलण्याची चूक सर्रास होते. सेन्सरवर शंका असेल तर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा: तापमान वाढते तसा तो कमी होत जातो आणि बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-तीन किलोओम असलेला आकडा ८०-९० अंशांना दोनशे ते चारशे ओमपर्यंत उतरतो. रोध उडी न मारता सावकाश उतरत असल्यास सेन्सर निर्दोष धरायला हरकत नाही.

आरपीएम वरखाली होण्याची तक्रार याच कुटुंबातली आहे, पण तिचे नाते लवकर लक्षात येत नाही. काही जुन्या फ्युएल इंजेक्शन इंजिनांत थ्रॉटल बॉडीला कूलंटची बारीक नळी जोडलेली असते आणि तिच्यातील उष्णतेवर चालणारी मेणाची झडप इंजिन थंड असताना जादा हवा आत सोडते व इंजिन गरम झाल्यावर बंद होते. त्या नळीत हवा अडकली की इंजिन गरम होऊनही झडपेला ते कळत नाही. ती उघडीच राहते, आरपीएम वाढतात, संगणक इंधन तोडतो, आरपीएम पडतात, इंधन पुन्हा सुरू होते आणि हे चक्र मिनिटमिनिटभर चालते. अशा वेळी थ्रॉटल बॉडी साफ करणे, प्लग बदलणे या गोष्टींत पैसा घालण्याआधी कूलंटमधील हवा पुन्हा काढून पाहावी. आधुनिक इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत हे कारण सहसा नसते; तिथे सेन्सरचे चुकीचे तापमान वाचून संगणक इंधन-हवेचे मिश्रण गडद, म्हणजे इंधन जास्त असलेले, ठेवतो आणि इंजिन जड चालते.

हवा काढण्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती माझ्या सांगण्यापेक्षा वरचढ मानावी. सर्वसाधारण क्रम असा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागी, गाडीचे नाक चढाकडे करून आणि चाकांना अडसर लावून ती अशी उभी करावी की कूलंट भरण्याचे तोंड यंत्रणेतील सर्वांत उंच बिंदू होईल. हीटर कमाल उष्णतेवर आणि त्याचा पंखा हळू ठेवावा, कारण काही गाड्यांत हीटरकडे जाणारा मार्ग झडपेने बंद असतो. हवा काढण्याचे स्क्रू असल्यास ते सैल करून त्यांतून बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत कूलंट अगदी सावकाश ओतावे आणि मग स्क्रू हलक्या हाताने आवळावेत; ते पुष्कळदा प्लास्टिकचे असतात आणि जोर लावल्यास तुटतात. त्यानंतर भरण्याच्या तोंडाला घट्ट बसणारे उंच नरसाळे लावून इंजिन सुरू करावे आणि पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवून वरचा होज मधूनमधून दाबावा. थर्मोस्टॅट साधारणतः ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो. त्या क्षणी खालचा होज गरम होऊ लागतो आणि नरसाळ्यातील पातळी एकाएकी खाली जाते. येथे अनेक जण काम संपले असे समजतात, पण खरे काम येथून सुरू होते. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे, मधे आरपीएम दोन-अडीच हजारांवर काही मिनिटे धरावेत आणि आयडलिंगलाही हीटरमधून गरम हवा येते की नाही हे पाहावे. आयडलिंगला वारा थंड आणि आरपीएम वाढवताच गरम, असे होत असेल तर हवा अजून आत आहे.

ज्या गाड्यांत पाण्याचा पंप विजेवर चालतो, तिथे इंजिनाचे आरपीएम वाढवून उपयोग होत नाही. पंपाचे ठरावीक हवा काढण्याचे आवर्तन विशिष्ट क्रमाने किंवा स्कॅनरने सुरू करावे लागते. हायब्रिड गाड्यांत इन्व्हर्टरसाठी बहुधा वेगळा कूलंट मार्ग असतो, तो विसरू नये. वर्कशॉपमध्ये निर्वाताने भरण्याचे साधन असेल तर मी तेच सुचवीन: आधी यंत्रणेतील हवा ओढून घेतली जाते, सुई काही मिनिटे स्थिर राहते का ते पाहिले जाते आणि मग त्याच निर्वाताने कूलंट आत खेचले जाते. सुई उतरत असेल तर गळती आहे हे कूलंट भरण्याआधीच कळते.

थंड पातळीची वही

हवा काढल्यानंतर लगेच कोणताही सुटा भाग बदलू नये. रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी टाकीवरील पातळीची खूण करून तारखेसह लिहून ठेवावी. गरम अवस्थेतील पातळी नोंदवण्यात अर्थ नाही, कारण तापल्यावर कूलंटचे आकारमानच चार-पाच टक्क्यांनी वाढते. राहिलेली हवा हळूहळू बाहेर पडत असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी थोडी उतरते आणि मग थांबते. ती न थांबता रोज सारखीच उतरत राहिली, तर हवा राहिलेली नाही, काहीतरी बाहेर जात आहे. आणि पातळी एखाद्या सकाळी खाली तर एखाद्या सकाळी विनाकारण वर दिसली, टाकी भरलेली असून रेडिएटरचे तोंड रिकामे निघाले, तर पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा.

बाहेरून शिरणारी हवा

रेडिएटरवर दाबाचे झाकण आणि बाजूला साधी बाटली, अशी रचना असलेल्या गाड्यांत गरम झालेले जादा कूलंट बारीक नळीने बाटलीत जाते आणि इंजिन थंड होताना निर्माण होणाऱ्या ओढीने तेच परत रेडिएटरमध्ये येते. परत येण्याच्या या वाटेत कुठेही फट असेल, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. माझ्या एका जुन्या गाडीत मी याच दोषापायी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर बदलला आणि चार वेळा हवा काढली. शेवटी दोष निघाला तो बाटलीकडे जाणाऱ्या नळीला क्लिपपाशी पडलेल्या केसाएवढ्या चिरेत. कूलंट बदलताना ती नळी ओढून काढली गेली होती. जमिनीवर एक थेंबही पडत नव्हता, कारण जाताना दाब नगण्य असायचा आणि येताना चिरेतून फक्त हवा यायची.

झाकणाला दोन झडपा असतात. मोठी दाब धरते, मधली छोटी परतीची वाट उघडते. छोटी अडकली असल्यास रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज पिचकलेला दिसतो. मोठीचे रबर कडक झाले असल्यास दाब धरला जात नाही आणि कूलंट नेहमीपेक्षा कमी तापमानाला उकळू लागते. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो. बदलताना तोच आकडा असलेले झाकण घ्यावे, ‘जास्त दाबाचे म्हणजे जास्त चांगले’ हा हिशेब जुन्या होजांना आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांना परवडत नाही.

उरलेल्या जागा सरळ आहेत: काढघाल झालेले प्रत्येक होज आणि त्याची क्लिप, रेडिएटरचा तळाचा बूच आणि त्याचा वॉशर, तसेच पाण्याच्या पंपाखालचे गळतीदर्शक छिद्र. वाळलेल्या कूलंटचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर हीच तिथली साक्ष असते. हातपंपाने झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देऊन पंधरा मिनिटे ठेवल्यास बहुतेक गळत्या सापडतात. दाब उतरतो पण बाहेर ओल नाही, असे झाल्यास पुढच्या बाजूची पायपुसणी उचलून हीटरच्या जाळीची गळती तपासावी; गोडसर वास आणि काचेच्या आतल्या बाजूने चढणारे तेलकट धुके हे तिचे लक्षण आहे.

इंजिनातून येणारा वायू

हेड गास्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा थर) फुटले असेल किंवा हेडला तडा असेल तर ज्वलनाचा वायू थेट कूलंटमध्ये घुसतो. कितीही वेळा हवा काढली तरी ती पुन्हा तयार होते, कारण इंजिन स्वतःच ती भरत असते. साधी ओळख अशी: रात्रभर थंड असलेले इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा घट्ट झाला, तर तो दाब उष्णतेने आलेला नाही, कारण कूलंट अजून तापलेलेच नाही. थंड अवस्थेत झाकण काढून इंजिन सुरू केल्यास अडकलेल्या हवेचे बुडबुडे झुबक्याने येतात आणि काही वेळाने थांबतात. गास्केटचे बुडबुडे अखंड येतात आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढतात. खात्रीसाठी निळ्या रसायनाची चाचणी करावी: टाकीच्या तोंडावरील हवा त्या द्रवातून ओढली असता ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) फुटला असल्यासही कूलंटमध्ये वायू येतो, त्यामुळे हेड उतरवण्याआधी तो वगळून घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. केवळ छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती दमटपणामुळेही जमते. डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ झाले असेल तर मात्र इंजिन सुरू करू नये.

हवा नसेल तर मिश्रण पाहावे

पातळी स्थिर आहे, बुडबुडे नाहीत, तरीही गाडी नेहमीपेक्षा गरम चालते, अशी तक्रार उरल्यास चूक बाटलीतल्या द्रवाची असू शकते. कूलंट दोन रूपांत मिळते: पाणी घालून वापरायचे कॉन्सन्ट्रेट आणि तयार मिश्रण. कॉन्सन्ट्रेट पाण्याविना भरले तर ते जास्त चांगले काम करत नाही. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते आणि शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठते, तर निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. उलट चूक फ्लश केल्यानंतर होते. समजा यंत्रणा सहा लिटरची आहे आणि साध्या पाण्याने धुतल्यावर रेडिएटरच्या बुचातून साडेतीनच लिटर निघाले. ब्लॉकमध्ये अडीच लिटर पाणी राहिले असताना वरून साडेतीन लिटर तयार मिश्रण भरले, तर ग्लायकॉलचे प्रमाण ५० टक्क्यांऐवजी जेमतेम २९ टक्के होते आणि गंजरोधक रसायनेही तितकीच विरळ होतात. तेथे तीन लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घालायला हवे होते. रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या मापकावर कूलंटचा एक थेंब ठेवला की हे प्रमाण कळते.

रंगावर विसंबू नये. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग उत्पादक आपापल्या सोयीने देतात. त्यामागे सर्वांना बंधनकारक मानक नाही. पुस्तिकेत दिलेला कूलंटचा प्रकार जुळला पाहिजे. न जुळणारे दोन प्रकार एकत्र झाल्यास गंजरोधके निकामी होतात आणि काही जोड्यांत गाळ किंवा जेलीसारखा थर तयार होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. फ्लश करताना सुटलेली जुनी खपलीही हेच करते. गरम रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून पाहिल्यास तुंबलेले पट्टे थंड दिसतात. असे पट्टे मोठे असतील तर पुन्हा फ्लश करण्यापेक्षा रेडिएटर बदलणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे. गळती बंद करणारी पूड तर अशा रेडिएटरमध्ये अजिबात टाकू नये.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर

दिवा लागला की गाडीचा संगणक बिघाडाचा कोड नोंदवतो आणि तो स्कॅनरने वाचता येतो. पी०१२८ हा कोड इंजिन अपेक्षित वेळेत गरम होत नसल्याचे सांगतो. कूलंट बदलल्यानंतर तो आला असेल तर आधी पातळी आणि हवा पाहावी, मगच थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे का हे तपासावे. पी०११७ आणि पी०११८ हे सेन्सरच्या विद्युतमार्गाचे कोड आहेत आणि काम करताना सुटलेला किंवा कूलंटने भिजलेला कनेक्टर हे त्यांचे सर्वांत सामान्य कारण असते. पट्ट्यावर कूलंट सांडले असल्यास तो किंचाळतो. तो आवाज पंपाच्या बेअरिंगचा समजून पंप उतरवण्यापूर्वी पट्टा आणि पुली पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात.

चालू गाडीत काटा तांबड्या पट्ट्याकडे जाऊ लागल्यास एसी बंद करावा, हीटर कमाल उष्णतेवर पूर्ण वेगाने लावावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण हेडला तडा जाऊ शकतो. निघालेले जुने कूलंट उघड्या भांड्यात किंवा जमिनीवर राहू देऊ नये: इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्याची अगदी थोडी मात्राही त्यांच्या मूत्रपिंडांना जीवघेणी ठरते. ते झाकणाच्या डब्यात भरून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि वापरलेले ऑइल जिथे स्वीकारले जाते तिथे चौकशी करून सुपूर्द करावे.